ग्रहण पाळलं तर कुणाचं काय बिघडतं? बिघडतं!

नाशिककर मास्तर

काल 'माजघर' यांनी इथे लिहिलं, "ग्रहण पाळलं, एखादा फॉरवर्ड पुढे पाठवला, तर कुणाचं काय बिघडतं? ज्याचं त्याचं मत. तुम्हा शिकलेल्यांची तथ्यं दर दहा वर्षांनी बदलतात, आमची निदान एका जागी असतात." त्यावर बावन्न बदाम आणि रांगेने जोडलेले हात. प्रतिसाद लिहायला बसलो, लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

काय बिघडतं ते सांगतो. २५ ऑक्टोबर २०२२. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा, मधे खंडग्रास सूर्यग्रहण. धाकट्या भावाच्या बायकोला सातवा महिना. घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांचा फॉरवर्ड आला: ग्रहणातल्या किरणांनी गर्भाला व्यंग येतं हे नासाने म्हणे मान्य केलंय. खाली नासाचं बोधचिन्हही चिकटवलेलं. झालं! सकाळपासून तिला पाण्याचा थेंब नाही. खिडक्यांना पडदे, पडद्यांवर चादरी, सुऱ्या-कात्र्या कपाटात, आणि तिने कुशीवरही वळायचं नाही. सहाच्या सुमारास चक्कर येऊन पडली.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. फळ्यावर ग्रहणाची आकृती डोळे मिटून काढीन. त्या दिवशी मी काय केलं? "अहो, पाणी तरी द्या" असं दोनदा म्हणालो आणि काकांनी बघितल्यावर गप्प बसलो. सलाईन लावावं लागलं. बाळ सुखरूप झालं, आणि काका आजही सांगतात, "पाळलं म्हणूनच सुखरूप."

घोटभर पाणी अडवणाऱ्या गोष्टीला कुणाला मत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि हे किरकोळ वाटत असेल तर राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत आले होते. पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मोटारसायकलवरून पोर उचलून नेतात ती चित्रफीत त्या दिवसांत देशभर फिरत होती, आठवते? ती कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधली. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच तुकडा कुणीतरी कापला. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जागी फॉरवर्डची मर्यादा आणायला घेतली.

मार्क ट्वेन म्हणून गेलाय ते उगाच नाही: सत्य पायात बूट चढवेपर्यंत खोटं अर्धं जग फिरून आलेलं असतं.

माजघर

मास्तर, तुमच्या भावजयीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या घरात तुम्ही तोंड उघडलं नाही, त्याचं बिल माझ्या नावावर कशाला?

आता माझं ऐका. एप्रिल २०२१. बाबांना ऑक्सिजन लागला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, रेमडेसिविर, सहा. मी गळ्यातली साखळी मोडली. भाऊ रात्रभर चिंचवडपासून हडपसरपर्यंत दुकानांची शटरं वाजवत फिरला आणि पहाटे एका पार्किंगमध्ये कुणाकडून तरी चौपट भावाने दोन मिळाली. मग प्लाझ्मा आणा म्हणाले. तोही आणला. बाबा गेले. मे महिन्यात बातमी आली की प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. आणि वर्षभराने कळलं की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना रेमडेसिविर देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये! मी साखळी मोडली एप्रिलमध्ये.

ते कुणा काकांचे फॉरवर्ड नव्हते. पांढऱ्या कोटातल्या माणसाचं अक्षर होतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्या आत्याने निदान काढा फुकट दिला.

खोडरबर

माजघर, दंडवत. यावर बोलायची माझी लायकी नाही.

मास्तर, तुमच्यासाठी मात्र आहे. ते वाक्य ट्वेन बोलल्याचा किंवा लिहिल्याचा पुरावा नाही. ट्वेन १९१० मध्ये वारला, वाक्य त्याच्या नावावर चढलं ते त्यानंतर. खोटं उडत जातं आणि सत्य मागून लंगडत येतं, अशा अर्थाचं जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये लिहिलेलं सापडतं. फॉरवर्डविरुद्धच्या धाग्यात समारोपालाच न तपासलेला फॉरवर्ड. बाकी चालू द्या.

तात्पुरता

शंभरी नक्की. चहा टाकतो.

नाशिककर मास्तर

खोडरबर, चूक मान्य. मनापासून नाही, पण मान्य.

माजघर, तुमच्या वडिलांबद्दल काय लिहू. एवढंच की औषध निरुपयोगी आहे हे शोधून काढलं तेही त्याच पांढऱ्या कोटवाल्यांनी. आत्याबाईंचा काढा यादीतून कोण काढणार?

माजघर

हे वाक्य माझ्या आईसमोर म्हणून दाखवा.

चौपाटीकर

मला एक गोष्ट कायम खटकते. कशावरही एकदा 'फॉरवर्ड' असा शिक्का मारला की तुम्ही लोक सगळं भंगारात काढता. शिवकर बापूजी तळपदे! आमच्या चिराबाजारचे. १८९५ मध्ये याच गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज हजर होते. 'केसरी'त बातमी आली. हेही अज्ञान का?

खोडरबर

अंक कोणत्या तारखेचा?

चौपाटीकर

काढून देतो. भारद्वाज ऋषींच्या वैमानिक शास्त्रावरून बनवलेलं विमान होतं ते. पाऱ्यावर चालणारं इंजिन.

खोडरबर

तारीख येईपर्यंत एवढं वाचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये त्या ग्रंथाची चिरफाड केली. टवाळी करायला नव्हे, अगदी गंभीरपणे: श्लोकांची भाषा पाहिली, वजनं पाहिली, आकृत्या पाहिल्या. निष्कर्ष असा की ग्रंथ प्राचीन नाही. सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितला आणि दुसऱ्याने उतरवून घेतला. आकृत्या बंगळुरूच्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या ड्राफ्ट्समनने काढल्या. आणि त्यात वर्णन केलेलं एकही यान उडू शकत नाही.

आता सांगा, १९०० नंतर सांगितलेल्या ग्रंथावरून १८९५ मध्ये विमान कसं बनलं?

ठाणे_फास्ट

मी मेकॅनिकलवाला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. विमानातलं ग्रॅमग्रॅम वजन कमी करण्यात आम्ही आयुष्य घालवतो, आणि ऋषींनी त्यात पारा भरला!

तळपद्यांबद्दल मात्र मला आदर आहे, खोटं नाही सांगत. १८९६ मध्ये अमेरिकेत लँगलीचं बिनमाणसाचं, वाफेवरचं मॉडेल पोटोमॅक नदीवर किलोमीटरभर उडालं. जर्मनीत लिलिएंथाल टेकडीवरून ग्लायडर घेऊन उड्या मारत होता आणि त्यातच मेला. म्हणजे तो काळच तसा होता. मुंबईच्या एका मास्तराने स्वतःच्या पैशाने एखादं मॉडेल हवेत चढवलं असेल तर कौतुकच आहे. पण तेवढं तुम्हाला पुरत नाही. तुम्हाला ऋषीच लागतात.

चौपाटीकर

गोऱ्यांचं सगळं खरं आणि आपलं सगळं थोतांड. २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात सायन्स काँग्रेस भरली तेव्हा प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तिथे बसलेले सगळे अडाणी होते का? पाठारे प्रभूंच्या एका माणसाने काही केलं की तुमच्या पोटात दुखतं.

ठाणे_फास्ट

जात मी काढली का तू काढलीस?

चौपाटीकर

अरेतुरे करायचं काम नाही. मी एकसष्ट वर्षांचा आहे.

ठाणे_फास्ट

वय १८९५ धरून का?

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा ग्रहण आणि फॉरवर्डबद्दल आहे. विमान बाहेर काढा.

बूथवाले काका

विमान उतरत असेल तर मी एक सांगतो. सगळं खापर मोबाईलवर फोडताय म्हणून. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला तेव्हा माझा दादरला एसटीडी बूथ होता. इंटरनेट कुठे होतं? तरी सकाळी दहाच्या आत सांगलीपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्या एका दिवशी जो गल्ला जमला तसा कुठल्याच दिवाळीत जमला नाही. प्रत्येक जण आत शिरून एकच विचारायचा, "तुमच्याकडे पितोय का?"

दुपारी शटर ओढून मीही गेलो. चमचा सोंडेला लावला, रिकामा झाला. संध्याकाळी दूरदर्शनवर शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळ होऊन खाली जातं. मला ते दुपारीच कळलं होतं. देवळातली फरशी पायाला चिकटत होती. घरी येऊन बायकोला मात्र म्हणालो, प्यायला. ती इतकी खूश होती.

डेटावाली

काका, किस्सा भारी. पण वेग आणि प्रमाण यांत फरक आहेच. एमआयटीच्या लोकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या लाखभराहून जास्त बातम्या-अफवा तपासल्या. खोटी बातमी पुढे ढकलली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि ढकलणारी माणसंच, यंत्रं नव्हेत. राईनपाड्याची गोष्ट वेगळी. जिथे शिक्षणच पोचलं नाही तिथे असं होणारच.

माजघर

माझ्या मामांना ट्विटर म्हणजे काय ते माहीत नाही. तुमचा अभ्यास त्यांना कळवते.

साक्रीकर

डेटावाली, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. चार वर्षांनी.

राईनपाड्याचं नाव आता भाषणात तोंडी लावण्यापुरतं उरलंय. माझी आई पिंपळनेरला राहते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली. त्या जूनमध्ये तिनेच धुळ्याला फोन केला, "पोरांना बाहेर सोडू नको, टोळी फिरतेय." मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, "सगळ्या ग्रुपवर आहे. सगळेच कसे खोटं बोलतील?" मी पोरांना आठ दिवस घरात कोंडलं. वर तोच मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकला. एक सोसायटीचा, एक कॉलेजातल्या मित्रांचा. खाली लिहिलं, "खबरदारी म्हणून."

१ तारखेला बातमी कळली तेव्हा ते दोन मेसेज पुसायला गेलो. सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत संपली होती. माझ्यापुरते पुसले.

शिक्षण विचाराल तर एम.एस्सी., रसायनशास्त्र.

डेटावाली

ते वाक्य मागे घेते.

तात्पुरता

चहा गार झाला राव.

नाशिककर मास्तर

साक्रीकर, वाचलं. मी गप्प बसलो आणि तुम्ही पुढे पाठवलं. कोण बरा, ठरवता येत नाही.

माजघर

मास्तर, एक गोष्ट कबूल करते. तुमच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी. आमच्याकडे अजून पंचांग आणतात. त्यात ग्रहणाच्या पानावर स्पष्ट छापलेलं असतं की लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांनी वेध थोडेच तास पाळावेत. आजी तर आईच्या वेळी सरळ म्हणाली होती, "पोटुशीला कसले वेध, दूध पी." तुमच्या काकांना ना नासा माहीत, ना शास्त्र. मी ज्यांची बाजू घेतली ती माणसं पान उलटून बघणारी होती. ही तुमची बोधचिन्हं चिकटवणारी जमात मला माझ्या खात्यात नको.

बाकी तुमच्या तथ्यांबद्दल माझं म्हणणं जिथल्या तिथे आहे.

नाशिककर मास्तर

पंचांगातलं हे मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं आकृत्या काढल्या, ते पान कधी उघडलं नाही. त्या दिवशी काकांसमोर आकृती चालली नसती, पंचांग चाललं असतं. पुढच्या ग्रहणाला घेऊन जाईन. विज्ञानाचा शिक्षक आणि काखेत पंचांग! हसा.

माजघर

हसले.

चौपाटीकर

'केसरी'च्या अंकाबद्दल. मामांकडे कात्रण होतं, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. काल मामेभावाला फोन केला. ते २६ जुलैच्या पुरात गेलं.

ठाणे_फास्ट

सोयीचा पूर.

खोडरबर

मामा राहायला कुठे होते?

चौपाटीकर

कलिना. तळमजला.

खोडरबर

मग गेलं असेल.