एचआयव्ही कार्यक्रमाची देखरेख कुणाकडे असावी: जिल्हा पथकाकडे की वरच्या गटाकडे?

जिल्हावादी:
राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (2007-12) जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकं, म्हणजे आपलं डापकू, उभी राहिली. पाचव्या टप्प्यात काही जिल्ह्यांचा मिळून गट करायचा आणि 'दिशा' नावाच्या गटपातळीवरच्या पथकाने त्यावर लक्ष ठेवायचं, असं धोरण आलं. माझं मत स्पष्ट आहे. जिल्हा पथक मोडीत काढू नये, उलट त्याला अधिकार द्यावेत.

कारण रुग्णांची गळती जिथे होते, ती जागा फक्त जिल्ह्यातूनच दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका किटवर प्राथमिक तपासणी होते. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची शक्यता दिसली, की खात्रीसाठी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन व तपासणी केंद्रात) पाठवतात. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर निदान पक्कं होतं आणि मग माणूस एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) देणाऱ्या केंद्रात जातो. या प्रवासात मालक किती? प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांचं. एआरटी केंद्र वैद्यकीय महाविद्यालयात असेल तर ते अधिष्ठात्यांकडे, म्हणजे खातंच वेगळं. समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या कंत्राटावर. पहिल्या टप्प्यावर रिअ‍ॅक्टिव्ह आलेला माणूस शेवटच्या टप्प्यावर पोचला का, हे विचारायचं काम कुणाचं, याचं उत्तर जिल्हा पथकाशिवाय कुठेच नाही.

असहमत_पण_आदराने:
गळतीचं वर्णन बरोबर आहे, उपाय पटला नाही. अधिकार देणार कुणाला? बऱ्याच ठिकाणी जिल्हा एड्स नियंत्रण अधिकारी हे पद क्षयरोग अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं. निक्षय या क्षयरोग पोर्टलच्या नोंदी, क्षयरोग तपासणीच्या नॅट मशीनची कार्ट्रिज आणि क्षयरुग्णांचा पाठपुरावा यातच त्यांचा दिवस जातो. गटाच्या पथकात निदान पूर्णवेळ कार्यक्रम व्यवस्थापक असतो आणि उपचारांची बाजू पाहणारा अधिकारीही.

दुसरं म्हणजे रुग्ण जिल्ह्याची हद्द पाळत नाही. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठतो आणि मार्च-एप्रिलला परततो. त्या पाच-सहा महिन्यांत बीडच्या पथकाने काय करायचं?

जिल्हावादी:
बीड आणि बेळगाव कोणत्याच गटात एकत्र येणार नाहीत, मध्ये राज्याची हद्द आहे. म्हणून हे काम निघायच्या आधी, सप्टेंबरातच व्हायला हवं. एआरटीवरचे कोण तोडीला जाणार, याची यादी समुपदेशकाने करायची. ज्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या, आणि कारखान्याजवळच्या लिंक एआरटी केंद्राचा (मुख्य केंद्राला जोडलेल्या, औषधं देणाऱ्या छोट्या केंद्राचा) पत्ता रुग्णाजवळच्या हिरव्या पुस्तकात लिहून द्यायचा. मुकादमाला यातलं काहीही कळता कामा नये.

गरोदर बाई असेल तर काम दुप्पट. प्रसूतीची अंदाजे तारीख, बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून द्यायच्या नेव्हिरॅपिन सिरपची सोय, आणि सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन डीबीएस (कागदावर वाळवलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी) कुठल्या केंद्रात करायचं, हे निघण्यापूर्वी ठरलेलं हवं. बाळंतपण फडाजवळच्या कोपीत झालं की पहिली डीबीएस हमखास हुकते. बाळ तपासणीला येतं ते थेट गावी परतल्यावर. हे नियोजन तालुका ओळखणारा माणूसच करू शकतो.

किटवाला:
साठ्याबद्दल कुणीच बोललं नाही. पहिली किट प्रत्येक तपासणीला लागते, दुसरी आणि तिसरी फक्त रिअ‍ॅक्टिव्ह नमुन्यासाठी उघडतात. कमी रुग्णांच्या केंद्रात म्हणून पहिली संपलेली असते आणि त्याच फ्रिजमध्ये दुसरी-तिसरी मुदतीला टेकलेली. त्यात गरोदर मातांचं एखादं मोठं शिबिर झालं की पहिलीचा महिन्याचा साठा दोन दिवसांत उडतो. शेजारच्या तालुक्यात त्याच किट पडून असतात. 2 ते 8 अंशांत ठेवायच्या किट लस वाहकात घालून हलवणं दुपारभराचं काम, पण आदेशाची वाट पाहण्यात आठवडे जातात. दोन केंद्रांमधला साठा हलवण्याचा अधिकार जिल्ह्याला द्याच, फक्त 'सोच' या एचआयव्ही कार्यक्रमाच्या पोर्टलवर नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

गोपनीयता_आधी:
जिल्हा पथकाला माझा विरोध नाही, पण त्याच्या बैठका कशा होतात त्याला आहे. एचआयव्हीचा आढावा जिल्ह्याच्या सर्वसाधारण आरोग्य बैठकीत घेतला की नावांसकट याद्या फिरतात, व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो जातात. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं हा त्याचा भंग आहे. मोठ्या बैठकीत फक्त आकडे यावेत. व्यक्तिनिहाय यादी एआरटी क्रमांकाने आणि फक्त उपचार करणाऱ्यांपुढे. औषध चुकवलेल्याच्या दारात आशाताईंना पाठवलं की चार घरांत चर्चा सुरू होते आणि तो माणूस केंद्राकडे फिरकत नाही. पाठपुरावा काळजी व आधार केंद्राच्या कार्यकर्त्यानेच करावा, तोही रुग्णाने सांगितलेल्या वेळी आणि जागी.

असहमत_पण_आदराने:
साठ्याचा मुद्दा मान्य. माझी मुख्य हरकत अजून तशीच आहे: जिल्ह्याने स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच लिहायचं का? 'औषध सोडलेले' कमी दाखवायचे असतील तर सोपी वाट आहे, रुग्ण 'दुसऱ्या केंद्रात बदली' दाखवायचा. पलीकडच्या केंद्राने त्याला दाखल करून घेतलंय का, हे कुणी पाहत नाही. व्हायरल लोडचंही तेच. उपचाराच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी चाचणी करायची. पण ज्यांची चाचणी झालीच नाही त्यांना बाजूला ठेवून टक्केवारी काढली की जिल्हा उत्तम दिसतो. 1000 च्या वर, म्हणजे न दबलेला, लोड आलेल्यांचं समुपदेशन होऊन पुन्हा चाचणी झाली का, हे अहवालातून कळतच नाही. बाहेरच्या पथकाने न सांगता यावं, कपाटातली वीस व्हाइट कार्डं (रुग्णांची उपचार-नोंदपत्रं) काढावीत आणि पोर्टलवरच्या नोंदीशी व दिलेल्या गोळ्यांशी ताडून पाहावीत.

जिल्हावादी:
ही तपासणी गटाच्या पथकाने जरूर करावी, त्यांचं तेच मुख्य काम असावं. बदलीचा रुग्ण पलीकडे दाखल झाल्याची खात्री होईपर्यंत मूळ केंद्राच्याच नावावर राहावा, हेही मान्य. पण चूक सापडल्यावर दुरुस्ती कोण करणार? कार्यक्रम व्यवस्थापकाच्या पत्राला अधिष्ठाता किंवा शल्य चिकित्सक बांधील नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती आहे, तिच्या सहीने आदेश निघाला तर तिन्ही खाती हलतात. ती बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी आणि प्रत्येक दुव्यावर अडकलेल्यांची संख्या तिच्यापुढे यावी.

असहमत_पण_आदराने:
समितीपुढे ती संख्या मांडणार कोण? परत तोच अतिरिक्त कार्यभारवाला अधिकारी. आधी पूर्णवेळ अधिकारी, किमान तीन वर्षं बदली नाही, असा शासन निर्णय काढायला लावा. तोपर्यंत जिल्ह्याला फक्त साठ्याचे अधिकार द्यायला माझी तयारी आहे, बाकीची सूत्रं गटाकडेच राहू द्या.