मदत हवी आहे : नोकरीच्या अर्जातील जात, धर्म व दिव्यांगत्वाचे रकाने

सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात मी भरतीचे काम पाहते. आमच्या अर्जात नावाखालीच जात आणि धर्माचे रकाने आहेत, परवा एका तरुणीचे पेन तिथेच थबकले आणि "हे भरायलाच हवे का?" असे तिने हळूच विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्यामुळे सगळेच रकाने काढणे मला योग्य वाटत नाही. अशी माहिती वेगळ्या, ऐच्छिक कागदावर, मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती न पडता कोणी घेत असल्यास, त्यावर हेतू कोणत्या शब्दांत लिहिता, हे कृपया कळवावे. अर्जदारांत तेलुगू आणि कन्नड बोलणारेही बरेच असतात, म्हणून शब्द सोपे हवेत.