मदत हवी आहे: पुस्तकावरची स्वतःची प्रतिक्रिया वाचकांसमोर कशी मांडावी?

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढील बैठकीत मला भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ साली प्रकाशित झालेल्या ‘कोसला’ या कादंबरीविषयी बोलायचे आहे. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवले होते. पण लिहायला बसले की त्या अस्वस्थतेऐवजी कथानकाचा सारांश आणि इतरांनी केलेली समीक्षा (तीही अर्धवट आठवणारी) कागदावर उतरते. प्रतिक्रिया प्रामाणिक राहावी, तरीही ती केवळ स्वतःच्या घरातील दुःखाची कहाणी होऊ नये, यासाठी आपण काय करता? वाचतानाच समासात नोंदी करता, की काही दिवस जाऊ देता? शिवाय ज्यांनी कादंबरी अजून वाचलेली नाही, त्यांच्यासमोर मनीचा प्रसंग सांगावा का?