मुलगी जागतिक जांबोरीला निघालीये, जाऊन आलेल्यांनी सांगा

मुलीची_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी २०२७ च्या जागतिक स्काऊट जांबोरीसाठी, म्हणजे जगभरच्या स्काऊट मुलांच्या मोठ्या शिबिरासाठी, निवडली गेलीये. पोलंडमध्ये ग्दान्स्कजवळ सोबिएशेवो बेटावर, ३० जुलै ते ८ ऑगस्ट. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. तंबू, गाठी, चूल सगळं तिला येतं, पण आजवरची शिबिरं ओळखीच्या पोरांची होती. इथे हजारो अनोळखी माणसं! २०२३ च्या कोरियातल्या जांबोरीच्या बातम्या पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाही. सामानाची दोन पानी यादी आलीये, पण मला जाऊन आलेल्या माणसाकडून ऐकायचंय. काय खरंच लागतं? फोन द्यावा का? तिच्यावर लक्ष कोण ठेवतं? तिचे बाबा म्हणतात, 'जाऊ दे, येईल परत.' त्यांचं सगळ्याच बाबतीत असंच असतं.

वॉगलवाला
ताई, मी २०१९ ला वेस्ट व्हर्जिनियाच्या जांबोरीत युनिट लीडर होतो. आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण खरी काळजी तीच दिसतेय.

नऊ मुलांचा एक संघ, असे चार संघ आणि सोबत चार मोठे, असं चाळीस जणांचं युनिट. तुमची मुलगी हजारोंच्या गर्दीत सोडलेली नसते, त्या नऊ जणांत असते. स्वयंपाक त्यांनी करायचा, भांडी त्यांनी घासायची, रुसवे-फुगवेही त्यांनीच मिटवायचे. जांबोरीत येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला 'सेफ फ्रॉम हार्म' हे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण आधी पूर्ण करावंच लागतं. मोठ्यांचे तंबू वेगळे, आणि कुणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत आडोशाला बसत नाही. निघण्याआधी युनिट लीडरांना घरी बोलवा आणि मुलीसमोर त्यांच्याशी बोला. यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हे महत्त्वाचं.

आता पाय. शिबिराची जागा एवढी पसरलेली असते की जेवणाचं सामान आणायला, कार्यक्रमाला, दुसऱ्या उपशिबिरातल्या मैत्रिणीला भेटायला, सगळीकडे चालायचंच. आमच्याकडे तर डोंगर होता. आजारी पडलेल्यांपेक्षा टाचेला फोड आलेले जास्त दिसायचे. नवे बूट विमानतळावर घालून येणाऱ्या मुलांची मला कीव यायची. बूट आत्ताच घ्या, पाय वाढत असतील तर निघायच्या दोन महिने आधी घ्या, पण आधी घालून, रुळवून न्या. मोजे मात्र भरपूर द्या. कपडे कमी चालतात, मोजे नाही.

झोपेचंही तसंच. पहिल्या रात्री कुणी झोपत नाही, दुसऱ्या रात्री झोपायचं नाही असं ठरवतात, आणि तिसऱ्या दिवशी संघात भांडण होतं. दर वेळी. तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे भांडण झालं की जग बुडालं असं वाटणार नाही.

निळा_स्कार्फ
कोरियाबद्दल थोडं. तिथली शिबिराची जागा, सेमनगम, समुद्र हटवून काढलेली, सपाट, झाडाची सावली जवळपास नाही. आधी पाऊस पडून पाणी साचलेलं आणि मग ३५ अंशांच्या आसपास ऊन. उष्णतेचा त्रास शेकडोंना झाला. ब्रिटनचे साडेचार हजारांच्या आसपास लोक आणि अमेरिकेचा चमू आधी बाहेर पडले. मग खानून वादळ येतंय म्हणून ८ ऑगस्टला सगळं शिबिरच हलवलं. उरलेले कार्यक्रम देशभर विखुरले आणि शेवट सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये झाला.
पोलंडचा बाल्टिक किनारा वेगळा. तिथे उन्हापेक्षा पाऊस, वारा आणि रात्रीचा गारवा यांची तयारी ठेवा. झोपायची पिशवी चांगली हवी, रेनकोट खराखुरा हवा, शोभेचा नको. तरी पाण्याची बाटली आणि टोपी सोडू नका. जुलैअखेर तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे पोरं अंधार पडायची वाट बघत जागीच.

मुलीची_आई
दोघांचे आभार. बॅजचं काय प्रकरण आहे? ती म्हणते शंभर तरी हवेत.

वॉगलवाला
हवेतच! बॅजची अदलाबदल हा जांबोरीचा अर्धा जीव आहे. रस्त्याकडेला चादर अंथरून पोरं बसलेली असतात. भाषा येत नसली तरी बोटांनी सौदा होतो. फक्त तीन गोष्टी तिला सांगा. विकायचे-विकत घ्यायचे नाहीत. स्वतःचा एक पूर्ण संच आधीच बाजूला काढून ठेवायचा. आणि मोठ्या माणसांशी अदलाबदल करायची नाही, मुलांची मुलांशीच. गळ्यातला आपल्या देशाचा स्कार्फ देऊन टाकण्याचा मोह शेवटच्या दिवसापर्यंत आवरायचा, नाहीतर समारोपाला ती दुसऱ्याच देशाची दिसेल.

माझं मत विचाराल तर स्टेजवरचे मोठे सोहळे मुलं लवकर विसरतात. शेजारच्या तंबूतल्या युनिटकडे जेवायला गेलेली संध्याकाळ त्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं असते. तिला म्हणावं, पोचल्या दिवशीच शेजाऱ्यांकडे जायचं, डावा हात पुढे करायचा (स्काऊट डाव्या हातानेच हस्तांदोलन करतात), आणि आमंत्रण देऊन यायचं.

तंबूतली_माशी
मी स्वतः जांबोरीत सहभागी मुलगी म्हणून होते, २०१५ ला जपानमध्ये, किराराहामाला. फोन देऊ नका, एवढंच सांगते. आईला रोज फोन करणारी पोरं जास्त रडायची.

वॉगलवाला
माशीताई, अर्धं पटलं. फोन न्यावा, पण रोजचा कॉल नको. २०१९ ला आम्हाला 'नोव्हस' नावाचा मनगटी पट्टा दिला होता, दोघांनी बटण दाबलं की संपर्काची देवाणघेवाण. ती माहिती बघायला फोनवरचं अॅप लागायचंच. शिवाय नवे मित्र घरी आल्यावर टिकवायचे कशावर? पॉवर बँक द्या, चार्जिंगच्या रांगेत तिची संध्याकाळ जाऊ नये म्हणून. आणि ताई, 'पोचले' एवढा मेसेज आला की पुढचे दोन दिवस तुम्ही गप्प बसायचं.

मुलीची_आई
दोन दिवस??

वॉगलवाला
तिच्या बाबांना विचारा कसं जमतं ते. आणि पालकांच्या संमतीचं पत्र, पासपोर्टच्या प्रती, औषधांची चिठ्ठी असा एक संच लीडरकडे आणि एक तिच्या बॅगेत ठेवा. औषध मूळ वेष्टनातच असू द्या.