बदलायला लाजू नका

थेरपिस्टकडे (मनाच्या त्रासावर बोलून उपचार करणाऱ्यांकडे) दोन वेळा जाऊन आलात, बोलावंसं वाटलं नाही, आता दुसरीकडे जाणं बरं दिसेल का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते, खुशाल जा.

माझंही असंच झालं होतं. चोपड्याहून एसटीने जळगाव गाठायचं आणि तिथे बाईंनी वहीतून डोकं वर न काढता 'सकारात्मक विचार करा' सांगायचं. तीनदा गेले, चौथ्यांदा पाय उचलेना. पुढच्या मॅडमसमोर बोलता बोलता तोंडातून अहिराणीच निघाली, 'जीव घाबरस'. त्यांनी पेन खाली ठेवलं नि विचारलं, 'कधी घाबरस?' मी रडलेच. (त्या मूळच्या अमळनेरच्या निघाल्या, हा नशिबाचा भाग.)

पहिल्याच भेटीत सरळ विचारा: शिक्षण काय, माझ्यासारखा त्रास आधी हाताळलाय का, फी किती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची (मानसशास्त्रज्ञाची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारली तर चांगल्या माणसाला राग येत नाही. गोळ्या मात्र सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, लिहून देतात, सायकॉलॉजिस्ट नाही. चालू असतील तर थेरपिस्ट बदलताना त्या परस्पर बंद करू नका.

आणि हो, आमच्याकडे ओळखीचं माणूस म्हणजे निम्मी वेळ आत्याच्या दिराची मेहुणी. तिथे मन मोकळं होत नाही. मी तर मुद्दाम दुसऱ्या गावचं शोधलं. ऑनलाइनही चालतं, फक्त घरात दार लावून बसायला जागा हवी. मी गच्चीवर बसायचे. नवीन माणूस मिळेपर्यंत रात्री-अपरात्री फारच झालं तर १४४१६ लावा. टेली-मानस हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.