'^' ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'घात' की 'घातांक'?

अर्धविराम: एका कॅल्क्युलेटरच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतोय. दोन दिवस एकाच वाक्यावर अडलोय. मी लिहिलं होतं, 'आधी पाया टाका, मग ^ ची कळ दाबून घातांक टाका.' तपासणाऱ्या बाईंनी 'घातांक' खोडून 'घात' केलं आणि समासात शेरा मारला, '^ ला नाव द्या.' ^ चं इंग्रजी नाव 'कॅरट' लिहिलं तर सोनं तोलतोय असं वाटतं. काय करू?

पाऊणवेडा: बाई चुकल्या. २^५ मध्ये २ हा पाया, ५ हा घातांक आणि ३२ हा घात. 'दोनाचा पाचवा घात बत्तीस' असंच घोकलंय. कळ दाबल्यावर टाकायचा तो घातांकच.

जुनी पाटी: घोकलं ते बरोबर, पण बोलताना सगळे 'दोनाचा घात पाच' म्हणतात आणि कुणाचं अडत नाही. मी वर्गात 'आता घात करा' म्हटलं की मागच्या बाकावरून 'कुणाचा, बाई?' येतंच. म्हणून मी 'घात काढा' म्हणते.

पाऊणवेडा: पोरगं नकळत मुळाशी गेलं! दोन्ही घात 'हन्' धातूचेच. जुन्या गणितात मारणं म्हणजे गुणणं. लीलावतीत 'समद्विघातः कृतिरुच्यते', म्हणजे सारख्या दोन संख्यांचा गुणाकार तो वर्ग. तिथे घात म्हणजे नुसता गुणाकार.

शुद्धमती: ^ ला आपल्याकडे नाव आहे की! हंसपद. लिहिताना अक्षर राहून गेलं की ओळीखाली हीच खूण करून ते वर लिहायचं. खुणेचा 'कॅरट' हा लॅटिन शब्द, अर्थ 'उणं आहे'. सोन्याचा कॅरट अरबीतून आला, त्याचा इथे संबंध नाही.

टकटक: हंसपद लिहा आणि वाचणारा कळफलकावर हंस शोधत बसू दे. आम्ही 'टोपी' म्हणतो, पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही कळतं. १९६३ च्या आस्कीत, म्हणजे संगणकाच्या अक्षर-खुणांच्या ठरावीक यादीत, त्या जागी वर जाणारा बाण होता, १९६७ मध्ये टोपी आली. आणि टोपी म्हणजे घातच असंही नाही. फोरट्रान या संगणकभाषेत घाताला दोन फुल्या (**) लागतात. सी भाषेत २^५ लिहिलंत तर उत्तर ७, कारण तिथे ती खूण दोन्ही आकड्यांचे बिट (शून्य-एकचे अंक) ताडून पाहते.

शुद्धमती: टोपी घालतात तेव्हा फसवतात, ताई. पुस्तिकेत शोभेल का?

टकटक: घात केलेला चालतो, टोपी घातलेली चालत नाही?

जुनी पाटी: खरा घात 'ई एक्स पी' लिहिलेल्या कळीत आहे, अर्धविराम, तिचं काय केलंत? ती घाताची नव्हे, 'गुणिले दहाचा अमुकवा घात' अशी आहे. एक लाखासाठी पोरं १० टाकतात, ती कळ दाबतात, मग ५. उत्तर दहा लाख. तिथे १ टाकायचा असतो. दरवर्षी निम्मा वर्ग यात जातो.

उंटावरचा शहाणा: एक्सेलमध्ये =-२^२ चं उत्तर ४ येतं, पायथन भाषेत -२**२ चं उणे ४. नावावर भांडण्यापेक्षा कंसावर एक परिच्छेद लिहा.

अर्धविराम: ई एक्स पी मी 'घात कळ' लिहून बसलो होतो, बदलतो. पण नवीनच लफडं. संगणकाच्या भागात 'शिफ्ट धरून ६ दाबा' असं आहे. कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर (देवनागरी अक्षरांच्या मांडणीवर) होता, तसाच दाबून पाहिला. पडद्यावर आलं '२त्र५'.

शुद्धमती: बघा, 'त्र' म्हणजे तीन. यंत्रालाही घन हवाय.

पाऊणवेडा: काहीही हं! 'त्र' म्हणजे तीन नव्हे, 'त्रि' म्हणजे तीन. 'त्र' प्रत्ययाचा अर्थ ठिकाण. सर्वत्र, एकत्र.

टकटक: मुळात 'कळ' कशाला? बटण लिहा. कळ पोटात येते.

जुनी पाटी: बटण सदऱ्याला असतं.