मदत हवी आहे: समुद्रावरच्या दगडांना चकाकी येत नाहीये

चुळबुळी
नमस्कार मंडळी. टंबलर (दगड फिरवून घासणारं मशीन) घेतलाय, दगड फिरवतेय, छान गुळगुळीत झालेत पण चकाकी शून्य. ओले असताना काय सुंदर दिसतात, वाळले की मातकट! व्हिडिओत दाखवलं तसंच सगळं केलंय. पुढच्या आठवड्यात ताईची वास्तुशांत आहे, तिथे बायकांना एकेक द्यायचाय. लवकर सांगा प्लीज. ('गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.)

हातोडी_छिन्नी
दगड कुठले? कुठल्या नंबरची ग्रिट, म्हणजे घासायची पूड? ड्रम किती भरता? टप्प्यांच्या मध्ये धुता कसे? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र लवकर हवंय.

चुळबुळी
हरिहरेश्वरचे. साधे दगडच हो, समुद्रावर असतात तसे. पावडर मशीनबरोबर आली तीच, चार पुड्या होत्या. नंबर बघून सांगते.

कर्वेनगरकर_काका
एवढा खटाटोप कशाला? बोहरी आळीतून क्लिअर वॉर्निशचा छोटा डबा आणा, दोन हात मारा, सावलीत वाळवा. आमच्या देवघरातले गोटे वर्षानुवर्षं चमकतायत.

हातोडी_छिन्नी
काका, तो मेकअप झाला, पॉलिश नव्हे. दोन पावसाळ्यांत पिवळा पडतो.

कर्वेनगरकर_काका
आमचा नाही पडला.

पाटी_पुसणी
खोबरेल तेल चोळा. मी तसंच करते.

हातोडी_छिन्नी
आणि धूळ बसली की परत चोळा.

सदाशिव_नव्हे
मुळात किनाऱ्यावरून पिशव्या भरभरून दगड आणायचेच कशाला? प्रत्येकाने आणले तर उरेल काय? अकीक (पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत दगड) हवा असेल तर गुजरातेतल्या खंबातचा तयार पॉलिश केलेला मिळतो, तिथे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

चुळबुळी
पिशव्या नाही हो, एक रुमालभर आणलेत. मुद्द्यावर या ना कुणीतरी. पुड्यांवर 60/90, 220, 500 आणि 'पॉलिश' असं लिहिलंय. चारही वापरल्या, आठवडा-आठवडा फिरवलं. काळे जास्त आहेत, मध्ये काही पांढरे.

गारगोटी_प्रेमी
आता कळलं. रायगडच्या किनाऱ्यावरचे काळे गोटे म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, बसाल्ट. तो एकसंध नसतो, वेगवेगळ्या खनिजांच्या बारीक कणांचा असतो, आणि बऱ्याचदा त्यात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. कण कमीजास्त झिजतात, भोकांत जाडी ग्रिट अडकून बसते आणि पुढच्या टप्प्यात बाहेर येऊन ओरखडे काढते. त्यामुळे काळ्याला फार तर मंद, रेशमी झळाळी येते. आरशासारखी चकाकी गारगोटी आणि तिच्याच जातीच्या अकीक, जास्पर यांना. हे दगड आपल्याकडे बसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतात, म्हणून भीमेच्या पात्रातल्या गोट्यांतही सापडतात.

तुमच्या पांढऱ्यांचाच मला संशय आहे. ते गारगोटीचे आहेत की शिंपल्याचे? कठीणपणाच्या मोह्स मापावर गारगोटी 7, शिंपला आणि कॅल्साईट (चुन्याचं खनिज) साधारण 3. मऊ दगड कठीण दगडांबरोबर फिरला की त्याचं पीठ होतं, कठीण दगडांनाही धड पॉलिश चढत नाही. स्वयंपाकाच्या सुरीच्या टोकाने ओरखडा काढून बघा. पडला तर बाहेर काढा.

ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला असू द्या. कमी दगड असले की आपटून टवके उडतात. भर घालायला सिरॅमिकच्या गोळ्या मिळतात. आणि दर टप्प्यानंतर दगड, ड्रम, झाकण, रबरी कडा, सगळं टूथब्रशने घासा. 60 ची जाडी पूड थोडी जरी पॉलिशच्या टप्प्यात राहिली तरी आठवडा वाया.

पाटी_पुसणी
धुताना ड्रममधून निघतो तो चिखल बेसिनमध्ये ओतता का? पाइपात सिमेंटसारखा बसतो, प्लंबरलाही दाद देत नाही.

गारगोटी_प्रेमी
बरोबर. बादलीत निथळू द्या, वरचं पाणी ओता, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात. वाळलेला गाळ उडवू मात्र नका, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट.

इतिहासवेडा
अवांतर: शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात अकीक आणि जास्परचे मणी सापडलेत, डेक्कन कॉलेजने 1968 पासून खोदकाम केलं होतं. त्या लोकांकडे मोटर नव्हती, वास्तुशांतीची तारीख पण नव्हती.

चुळबुळी
हा टोमणा कळला. सुरीने ओरखडला, काही पांढऱ्यांवर सरळ रेघ पडली, बाकीच्यांवर नाही. काळ्यांवर सुरीचीच काळपट रेघ उमटली, पुसली की गेली. मग आता 500 परत लावू का? आठवड्यात होईल?

गारगोटी_प्रेमी
रेघ पडली ते काढून टाका. उरलेले पांढरे आणि काळे वेगळे करा. सगळं घासून 500, मग स्वच्छ धुऊन पॉलिश. दोन आठवडे धरा. वास्तुशांतीला होणार नाहीत.

कर्वेनगरकर_काका
वॉर्निश.

नवा_भिडू
मशीन कुठून घेतलंत? आवाज किती येतो? आमच्या सोसायटीत खालचे काका मिक्सरलाही तक्रार करतात.